मोखाड्याच्या रानातली भाजी आणि भुकेचा हिशेब

मृगाचे चार पाऊस पडले की कल्याण, ठाणे, दादर, वसई अशा स्टेशनांबाहेर आदिवासी भगिनी पाट्या घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांच्या पाटीत कोबी-फ्लॉवर नसतो. पानांवर मांडलेले शेवळांचे वाटे असतात, गवतासारख्या लांब पानांच्या जुड्या असतात, काकडाची हिरवी आंबट फळे असतात. कामावरून सुटलेला माणूस गाडी गाठण्याच्या घाईत असतो. "हे काय गवत विकायला आणलंय?" असे म्हणून पुढे जाणारेच जास्त. ही भाजी येते कोठून, ती काढते कोण, कोणाच्या ताटातून उचलून ती बाजारात येते, हा हिशेब कोणी मांडत नाही.

आम्ही कचेरीत आयुष्यभर जमाखर्च लिहिणारी माणसे. दिसला आकडा की त्याचे मूळ शोधायची खोड. म्हणून गेल्या जून महिन्यात एका रविवारी आमच्या वसाहतीतील सहा जण, त्यांत दोन भगिनी, पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात जाऊन आलो. तेथे जे पाहिले, ऐकले आणि खाल्ले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

कसाऱ्याच्या पुढे

कसारा हे मध्य रेल्वेच्या लोकलचे शेवटचे स्टेशन. मुंबईकर तेथपर्यंत क्वचितच जातो, कारण त्याची मुंबई फार आधी संपलेली असते. स्टेशनाबाहेर जीपगाड्या उभ्या असतात. विहीगाववरून खोडाळ्याकडे जाणारी जीप आम्ही धरली. पुढच्या सीटवर चार, मागे दहा-बारा, टपावर तांदळाच्या गोण्या. रस्ता वळणे घेत डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना भाताच्या खाचरांत राब भाजल्याच्या काळ्या खुणा होत्या आणि त्या काळ्या मातीतून भाताची पोपटी रोपे वर आली होती. चढावर नागली आणि वरईसाठी जमीन तयार होत होती.

हा सारा वैतरणेच्या खोऱ्याचा परिसर. मुंबई शहर जे पाणी पिते त्यातील मोठा वाटा याच डोंगरपट्ट्यातून जातो. तानसा धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. शहापूरचे भातसा आणि इगतपुरीकडचे अप्पर वैतरणा हेही त्याच मालिकेतले. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच मुलखातील बाया डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन मैल-दीड मैल चालतात. आपल्या चाळीतल्या नळाला सकाळी जे पाणी येते त्याचा उगम एकदा पाहावा, असे आम्हांस त्या प्रवासात फार वाटले.

जुन्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. मोखाडा, जव्हार, विक्रमगड हे त्यातील डोंगरी तालुके. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही येथील माणसे. आमची ओळख एका वारली कुटुंबाशी. हे कुटुंब दिवाळीनंतर आमच्या भागातील वीटभट्टीवर कामाला येत असे. पोरांना भट्टीजवळच्या बालवाडीत बसवण्यासाठी आम्ही खटपट केली, त्यातून येणे-जाणे सुरू झाले. "पावसात या, भाकर खायला," असे त्यांनी किती तरी वेळा सांगितले होते. पाड्यावर पोहोचलो तेव्हा कुडाच्या घराच्या ओट्यावर घरची आजी आमची वाट पाहत बसली होती. वय विचारले तर हसून म्हणाली, "नाय मोजलं." कोरा चहा झाला आणि ती कोयता-टोपली घेऊन उठली. आम्ही तिच्या मागे निघालो.

रानातली शाळा

आम्हांला दिसत होते ते सगळे हिरवे. आजीला मात्र त्यात वेगवेगळी झाडे दिसत होती. शंभर पावलांत तिने आम्हांला सात-आठ भाज्या दाखविल्या.

पहिले शेवळे. जमिनीतून तपकिरी-जांभळा कोंब वर आलेला, पान नाही, फांदी नाही. हे सुरणाच्या कुळातले. कंद खोल राहतो आणि पहिल्या पावसाच्या सुमारास त्याचा फुलोरा वर येतो. आजीने कोंब हळूच ओढून काढला, कंदाला हात लावला नाही. "कांदा काढला तं पुढच्या सालाला काय खाशील?" एवढेच बोलली.

मग कोळीची भाजी. काही ठिकाणी हिला कुळी किंवा फोडशी म्हणतात. पाहणाऱ्याला निव्वळ गवत वाटेल. हिचा कंद म्हणजे सफेद मुसळी. औषधी बाजारात त्याला भाव आहे, आणि त्या भावापायी कंद उपटून नेणारे व्यापाऱ्यांचे हस्तक रानात फिरतात. पाड्यावरची माणसे फक्त पाने घेतात. पहिली कोळीभाजी देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी खायची नाही, अशी येथे रीत आहे. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवला तरी या रीतीने एक गोष्ट साधते, सगळ्या पाड्याचा हात एकाच दिवशी सुटतो आणि कोवळे कोंब उगवताच खुडले जात नाहीत.

पुढे बांधावर टाकळा होता. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात. आमच्यातील एका भगिनीने तो लगेच ओळखला. कुरडू होता. झुडपात भारंगी होती, चवीला कडू, म्हणून उकडून पाणी टाकून करतात. वेलीवर करटोलीची पाने दिसत होती, फळ लागायला अजून महिना होता. चाईच्या वेलाचा मोहोर त्याहून पुढे, भाद्रपदाच्या सुमारास. कवळा श्रावणात. बांबूचे कोंब, म्हणजे वासते, आषाढात. आजीच्या डोक्यात हे सारे कॅलेंडर. कोणत्या आठवड्यात कोणत्या उतारावर काय उगवते, हे तिला आपल्या नोकरीतल्या पगाराच्या तारखेइतके पक्के ठाऊक.

ओढ्याकाठी तिचा नातू दगड उलटत होता. पहिल्या पावसात खेकडे बिळातून बाहेर येतात आणि मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. या चढणीला वलगण म्हणतात. वलगणीचे दोन-चार दिवस पाड्यावरची पोरेटोरे ओढ्यातच असतात. नातवाने सहा खेकडे आणले. त्यांतील एक पोटाशी पिले असलेली मादी होती. ती आजीने परत ओढ्यात सोडायला लावली.

चुलीवरचे विज्ञान

रानात उगवते ते सगळे खाण्याजोगे नसते. खरी विद्या आहे ती चुलीपाशी. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते तसेच पोटात गेले तर जीभ आणि घसा खाजून माणूस हैराण होतो. म्हणून वरचे आवरण सोलायचे, आतला खाजरा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचे आणि काकडाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचे. गंमत अशी की काकडाची फळे नेमकी याच दिवसांत तयार असतात. बाजारातही शेवळे विकणारी बाई काकडे सोबत देते ती उगीच नव्हे.

बांबूच्या कोंबात सायनाईडचा अंश देणारे द्रव्य असते. ते चिरून पाण्यात भिजत घालतात, उकळून पाणी फेकतात आणि मगच भाजी करतात. कडूकंदाचे तर याहून अवघड. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, तेव्हा कडवटपणा आणि विषार जातो. कोणत्या बाईने हे पहिल्यांदा शोधले असेल? किती जणांच्या पोटावर हे प्रयोग झाले असतील? प्रयोगशाळा नाही, पुस्तक नाही, पदवी नाही, आणि तरीही पद्धत अचूक. हे ज्ञान आहे. त्याला 'अडाण्यांचे खाणे' म्हणणारा स्वतःच अडाणी ठरतो.

दुपारी पानावर नागलीची भाकर, शेवळ्याची भाजी, लसूण-मिरचीत परतलेला टाकळा, खेकड्यांचा रस्सा आणि खुरासणीची चटणी. आम्ही सहाही जणांनी दोनदा मागून खाल्ले. नागलीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आतबाहेर. म्हणजे रेशनच्या तांदळाने पोट भरते, परंतु नागली आणि रानभाजी यांनी हाड-रक्त बनते.

भुकेचे महिने

जेवण चांगले झाले म्हणून भुकेचा विषय टाळता येत नाही. या भागात एक शब्दप्रयोग आहे, 'जगायला जाणे'. दिवाळीनंतर भात हाती आले की घरेच्या घरे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर जातात. कामाला चाललो असे कोणी म्हणत नाही. म्हणतात, "जगायला चाललो." गावात जगता येत नाही, हे एवढ्या थोड्या शब्दांत आणखी कोणी सांगितले आहे?

पावसाच्या तोंडावर ती माणसे परत येतात. कणगीतले धान्य तोवर संपलेले असते, नवे यायला दिवाळी. मजुरीही नाही. जून ते सप्टेंबर हे भुकेचे महिने, आणि नेमक्या याच महिन्यांत रान भाज्यांनी भरून जाते. आजीच्या कॅलेंडरचा खरा अर्थ आम्हांला येथे उमगला. शेवळे संपते तेव्हा टाकळा असतो, टाकळा जून होतो तेव्हा वासते येतात, मग करटोली, मग कवळा, मग चाईचा मोहोर. एक सरले की दुसरे. रिकाम्या कणगीची तूट रान असे हप्त्याहप्त्याने भरून काढते.

पण रान सगळी तूट भरू शकत नाही. १९९२-९३ साली याच पट्ट्यात, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजना आल्या. २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू झाली. तरीही कुपोषणाची बातमी या भागातून अधूनमधून येतच असते. म्हणून कोणी शहाणा म्हणू लागला, "यांना रेशन कशाला, रानात एवढे सगळे मिळते," तर त्याला बजावले पाहिजे की पालेभाजीने जेवणाला सत्त्व येते, धान्याची जागा ती घेत नाही. रेशनही हवे, रानही हवे. एक देऊन दुसरे काढून घेणे ही लबाडी आहे.

आपल्या घरातला तरोटा

परतताना आमच्यात बरीच चर्चा झाली. तरोटा ओळखणाऱ्या भगिनी मूळच्या विदर्भातल्या. त्यांनी सांगितले, "आमची आई १९७२ च्या दुष्काळात हाच उकडून घालायची. पुढे भाऊ नोकरीला लागला आणि घरात तरोट्याचं नाव काढायची बंदी झाली."

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरची ही गोष्ट असेल! आपल्या आया-आज्यांना स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या बांधावरची घोळ, तांदुळजा, पाथरी, कुंजर, तरोटा यांवर त्यांनी लेकरे जगविली. ती भाजी खुडतानाही बांधाच्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे हातात चार पैसे आल्यावर त्या भाजीची आठवणही नकोशी झाली, यात नवल नाही. गरिबीचे गोडवे ज्यांनी गरिबी भोगली नाही त्यांनी गावेत, आपण गाऊ नयेत.

परंतु एक भेद समजून घेतला पाहिजे. लाज वाटायला हवी ती ज्यांनी माणसाला बांधावरच्या पाल्यावर जगायला लावले त्यांना. त्या पाल्याचा काय दोष? मुंबईतील काही सुखवस्तू घरांत शेवळे हा आषाढाआधीचा खास बेत असतो, कोलंबी घालून हौसेने करतात. तेच शेवळे पाड्यावर शिजले तर मागासलेपण आणि त्यांच्या ताटात गेले तर परंपरा! अन्नाला प्रतिष्ठा कोण खातो यावरून मिळते. हा जुनाच डाव आहे, आणि तो आपल्याला नवीन नाही.

शिक्षण आणि आजी

एक प्रश्न मात्र आम्हांला बोचला. आजीचा मोठा नातू आश्रमशाळेत आहे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे रानाची शाळा आणि सरकारी शाळा एकाच महिन्यात सुरू होते. वसतिगृहात राहणारा मुलगा पावसाळ्याचे चारही महिने आजीपासून दूर. त्याला शेवळे आणि काकडाची जोडी माहीत नाही. "याला इचारा," आजी धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मोठा साहेब होनार हाय." तिच्या बोलण्यात अभिमान होता आणि थोडी खंतही होती.

आम्ही शिक्षणाच्या जोरावर माणसात आलेली माणसे. मोठ्या नातवाने शाळा सोडून रानात यावे, असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. तो साहेब झालाच पाहिजे. पण शाळेच्या पुस्तकात आजीला जागा का नसावी? श्रावणात एका दिवशी आश्रमशाळेने आज्यांना वर्गात बोलवावे, मुलांनी नावे लिहून घ्यावीत, भाज्यांची चित्रे काढावीत, त्या दिवशी त्याच भाजीचे जेवण व्हावे, याला असा कोणता खर्च आहे? अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला हे उत्तमच. पण प्रत्येक पाड्यावर एक राहीबाई बसलेली आहे आणि तिचे ज्ञान तिच्याबरोबर चालले आहे, याचे काय?

कायदा आपल्या बाजूचा आहे

फार वर्षे या माणसांना स्वतःच्याच रानात चोर ठरविले गेले. इंग्रजांचा १९२७ चा वन कायदा हातात घेऊन कोणीही पाटी अडवावी, कोयता जप्त करावा. २००६ साली वन हक्क कायदा झाला. त्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क मान्य केला. कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपाने, औषधी वनस्पती यांबरोबर कंद आणि मुळेसुद्धा आहेत. दावा ग्रामसभेत सुरू होतो, मग उपविभागीय समिती आणि जिल्हा समितीकडे जातो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वन हक्क मिळवून दाखविला.

आपल्या बांधवांसाठी विशेष गोष्ट अशी की हा कायदा केवळ अनुसूचित जमातींपुरता नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात राहून वनावर उपजीविका करणाऱ्या इतरांनाही त्यात हक्क आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या भागांत आपली कितीतरी कुटुंबे मोहफुले, तेंदूपाने वेचीत आली आहेत. पुरावा गोळा करायला कष्ट पडतात, पण हक्क कागदावर आहे. कागद वाचता येणाऱ्यांनी तो न येणाऱ्यांना वाचून दाखवावा, यालाच आम्ही कार्य समजतो.

आता आपण काय करावे

पहिली गोष्ट. स्टेशनाबाहेर पाटी दिसली तर घासाघीस करू नका. वीस-तीस रुपयांच्या एका वाट्यामागे पहाटेचे रान, जीपचे भाडे, लोकलची गर्दी आणि दिवसभराचे उन्ह-पाऊस असतो. पाच रुपये कमी करून आपण श्रीमंत होत नाही. भाजी कशी करायची ते त्या बाईलाच विचारा. ती आनंदाने सांगते.

दुसरी गोष्ट. अर्धवट माहितीवर स्वतः खुडून खाऊ नका. कळलावीसारखी विषारी वेल कोवळेपणी भोळी दिसते. अळंबीच्या बाबतीत तर जाणत्याशिवाय हात लावूच नये, दरवर्षी माणसे विषबाधेने आजारी पडतात. टाकळा, कुरडू, घोळ या ओळखीच्या भाज्यासुद्धा रेल्वे रुळालगतच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावरच्या घेऊ नका. गावी शेत असेल तर बांधावर तणनाशक मारण्यापूर्वी एकदा विचार करा, त्यात तणाबरोबर आईची भाजीही मरते.

तिसरी आणि मुख्य गोष्ट. प्रत्येक वसाहतीतील महिला मंडळाने एक शंभर पानी वही घालावी. वर रकाने आखावेत. भाजीचे नाव, गावाकडचे दुसरे नाव, कोणत्या महिन्यात येते, कोणता भाग खायचा, कडू-खाजरे कसे काढायचे, कोणी सांगितले. घरातील आई, आत्या, आजी यांना विचारून एकेक ओळ भरावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी लिहावे. वही भरली की तिची नक्कल जवळच्या शाळेला द्यावी. आमच्या वसाहतीत हे काम सुरू झाले आहे. पहिल्या पानावर तरोटा लिहिला आहे, आणि शेवटच्या रकान्यात त्या भगिनीच्या आईचे नाव आहे.